रिकाम्या बाजूचे काकाजी

"आज ऊन फार आहे," असं आमच्या घरमालकांसमोर म्हणायची सोय नव्हती. नांदुऱ्याकडचा एप्रिल, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, कुत्री नालीत जाऊन पडलीत, आणि हा माणूस ओसरीतली खाट भर अंगणात ओढून वर बसायचा आणि विचारायचा, "कुठं हाये ऊन?" मग त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यावं लागायचं. "ऊन नाई बाप्पा, लय गारठा हाये. या आत, नाई त सर्दी होईन," असं काकूंनी म्हटलं की काकाजी ताडकन उठायचे. "गारठा? एवढ्या उन्हात?" असं म्हणत ते खाट परत ओसरीत आणायचे. एवढ्या वर्षांच्या संसारात काकूंनी ही एक विद्या पक्की करून ठेवली होती.

मी त्या गावात आरोग्य उपकेंद्राची नर्स म्हणून आले. माझं माहेर सिंदखेडराजाकडचं, म्हणजे जिल्हा एकच, पण माझ्या बोलण्याला इकडची मंडळी हसायची. उपकेंद्राला लागून नर्ससाठी बांधलेली खोली होती, पण तिचं छत इतकं झिरपायचं की आत राहण्यापेक्षा बाहेर राहिलेलं बरं. म्हणून मी काकाजींची मागची खोली बघायला गेले. खोली मला आवडली. "छान आहे," मी म्हटलं.

"काय छान हाये?" काकाजी म्हणाले. "दुपारी तापते. वरून पाली पडतात. खिडकीतून बाजूच्या म्हशी दिसतात."

मी गोंधळले. म्हटलं, मग दुसरीकडे बघते.

"दुसरीकडं कायले? याहून चांगली खोली साऱ्या गावात नाई."

अशा रीतीने मी त्यांची भाडेकरू झाले आणि बदली होईपर्यंत तिथेच राहिले.

गाव त्यांना मागून 'उलटे काकाजी' म्हणायचं. तोंडावर नुसतं काकाजी. सगळ्यांत जास्त त्रास शेख चाचांना. चाचांची चहाची टपरी पावरहाऊसच्या गेटसमोर होती आणि काकाजी रोज सकाळी तिथे हजर. "शक्कर कम डाली तो बोलते मीठी हुई, जादा डाली तो फीकी," चाचा मला सांगायचे. "मैं अब पूछताच नहीं सिस्टर. देता और दूसरी तरफ देखता."

पावरहाऊस म्हणजे गॅसवर चालणारा वीज प्रकल्प. तो गावाच्या अगदी कुशीत होता. जमिनीखालून नळानं गॅस यायचा, त्यावर यंत्रं फिरायची, त्यांच्या उष्णतेनं पाण्याची वाफ व्हायची, आणि यंत्रं सुरू करताना जादा वाफ वरच्या नळीतून सोडायचे. वाफ सुटली की असा आवाज व्हायचा की दावणीची गुरं दावी तोडायची आणि लस टोचायला आणलेली बाळं सुई लागायच्या आधीच रडायची. मी येण्याच्या कितीतरी आधी, तो प्रकल्प पहिल्यांदा यायचा होता तेव्हा सगळं गाव त्याच्या विरुद्ध होतं म्हणे. एकटे काकाजी बाजूनं. त्यांच्या छपराच्या टिनांवर दगडगोटे पडले होते. पुढे प्रकल्प आला, रस्ता झाला, चार लोकांना काम लागलं, गाव खूश झालं, आणि काकाजी पावरहाऊसला नावं ठेवायला लागले.

कपाशीचं तेच. बीटी बियाणं आलं, तसं सगळं गाव त्याच्यामागे लागलं. त्या पाकिटाबरोबर साध्या कपाशीच्या बियाण्याचं एक छोटं पाकीट फुकट यायचं. ते शेताच्या कडेकडेनं लावायचं, म्हणजे अळ्यांना खायला काही साधं झाड राहतं आणि बीटीचा गुण टिकतो, असं कृषी खात्याची माणसं सांगायची. लावायचं कोणीच नाही. छोटी पाकिटं सरळ उकिरड्यावर. काकाजी गावभर हिंडून ती फेकलेली पाकिटं गोळा करून आणायचे आणि आपल्या वावरात, या बांधापासून त्या धुऱ्यापर्यंत, तेवढंच बियाणं लावायचे. सगळ्या शिवारातल्या अळ्या त्यांच्याकडे जेवायला. पोरं त्यांच्या वावराला 'अळ्यांची खानावळ' म्हणायची.

"काकाजी, हे काऊन करता?" मी एकदा विचारलं. एव्हाना मलाही 'काऊन' म्हणायची सवय लागली होती.

"सारे तिकडं गेले. इकडं कोनी पायजे का नाई?"

एवढंच उत्तर. काकू आतून म्हणाल्या, "आन् घरी खायाले पायजे का नाई, ते नाई इचारलं तुमी सिस्टर." दोघेही हसले. काकूंची वांगी आणि मेथी नांदुऱ्याच्या बाजारात जायची, त्यावर ते घर चालायचं. ही गोष्ट काकाजी कधी नाकारायचे नाहीत, आणि त्यांनी न नाकारलेली मला माहीत असलेली ती एकच गोष्ट.

मला त्यांचा हा स्वभाव सुरुवातीला फक्त विनोदी वाटायचा. तो किती महाग असतो आणि किती मोलाचा, ते मला पत्त्यांच्या भांडणात कळलं.

उपकेंद्राचा ओटा गावातला सगळ्यांत गार. दुपारी तिथे पुरुषमाणसं पत्ते खेळत बसायची. त्यात काकाजीही असायचे, आणि डाव हरले की उठायचे नाहीत. पण बाया आत यायला लाजायच्या. पोट पुढे आलेली सून चार पुरुषांचे पाय ओलांडून दाखवायला कशी येणार? मी गोडीनं सांगून पाहिलं, मग एक दिवस ओट्याला जाळीचं दार बसवून कुलूप घातलं. गाव भडकलं. ही बाहेरची पोरगी, आमच्याच ओट्याला कुलूप लावते! ग्रामसभेत ठराव आला की सिस्टरची बदली करावी.

माझी पहिली नोकरी. घरून विरोध होता, वडील म्हणाले होते, एक तक्रार आली की मी सामान बांधून तुला घेऊन जाईन. ग्रामसभेत मी कोपऱ्यात उभी होते. सरपंचांनी विचारलं, कोणाचं काही म्हणणं? आणि काकाजी उठले.

"कुलूप बरोबर हाये," ते म्हणाले. "आपल्या घरच्या बायका चार मानसाईचे पाय ओलांडून जाव्या, हे कोनाले बरं वाटते? हात वर करा." कोणाचा हात वर जाणार? लोक त्यांच्यावर ओरडले, तुम्हीच तर रोज तिथे बसता म्हणाले. "बसतो. आन् उद्यापासून माह्यी जागा बी गेली. तरी कुलूप बरोबर हाये." तासभर ते एकटे भांडले. ठराव बारगळला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, काकाजी, तुम्ही माझ्या बाजूनं उभे राहिलात.

"तुमच्या बाजूनं? छ्या." ते चिडलेच. "मले तो ओटा पायजेच होता. पन तुमच्या बाजूले कोनीच नव्हतं, सिस्टरबाई. ज्या बाजूले कोनी नाई, त्या बाजूनं कोनी बोललं नाई त मग ती सभा कायची? ते त नुसतं हो ले हो."

मला राग यायला हवा होता. पण माणूस माझा नसताना माझ्यासाठी उभा राहिला, याचं मला जास्त मोल वाटलं. आपल्या माणसासाठी कोणीही उभं राहतं.

मग पावरहाऊस वाढवायची बातमी आली. आहे तेवढाच आणखी एक विभाग, नवी यंत्रं, नवी वाफेची नळी, आणि थंड करायला लागणारं पाणी गावच्या बंधाऱ्यातून. मुद्दा पाण्याचा होता. गावच्या विहिरींना पाणी राहायचं ते त्या बंधाऱ्यामुळे. आधीच होळीनंतर पूर्वेकडच्या वस्तीतल्या विहिरी तळ दाखवायच्या आणि बाया रेल्वे फाटकापलीकडून हंडे आणायच्या. बंधारा उपसला तर उन्हाळ्यात गाव कोरडं पडणार, हे सांगायला कोणी हुशार माणूस नको होता.

पण दुसरी बाजूही खोटी नव्हती. त्या वर्षांत कपाशीनं गावाला रडवलं होतं. बोंडात गुलाबी अळी परत आली, फवारण्या वाढल्या, वेचणीला माणूस मिळेना, आणि तरणी पोरं सुरतेला, पुण्याला पांगली. पावरहाऊसमध्ये काम लागेल या आशेनं कितीतरी घरांनी गेटवर अर्ज देऊन ठेवले होते.

जनसुनावणी ठरली. जिल्ह्याहून मोठे साहेब येणार, गावाचं म्हणणं ऐकणार, लिहून घेणार. महिनाभर आधीपासून काकाजींच्या ओसरीत रांग लागली. सगळे येऊन हळू आवाजात तेच सांगायचे. बंधारा जाईल. आवाजानं माझ्या गाभण म्हशीनं गाभ टाकला. काकाजी, तुम्ही बोला. आमच्या पोराचा अर्ज आहे, आम्हाला बोलता येत नाही. काकाजी सगळं ऐकून घ्यायचे, मान हलवायचे. एक दिवस तर ते पावरहाऊस आतून बघून आले, डोक्यावर पिवळी टोपी घालून. गाव म्हणालं, बघा, काकाजी गड बघून आले, आता तोफा डागतील.

त्यांना एकानंही विचारलं नाही की काकाजी, तुम्ही बोलणार काय? विचारायची गरजच काय होती!

सुनावणीच्या दिवशी शाळेच्या मैदानात मंडप. उन्हाचा तडाखा म्हणून मला साखर-मिठाचं पाणी आणि औषधाची पेटी घेऊन कडेला बसवलं होतं. मोठे साहेब सभ्य होते, प्रत्येकाला 'बोला, बोला' म्हणत होते. सरपंच उठून गोड बोलले. अजून दोघेतिघे उठले, गावाचा विकास व्हावा म्हणाले आणि खाली बसले. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला. आता काकाजी.

काकाजी उठले, धोतर सावरलं, आणि माईक हातात घेऊन म्हणाले, "साहेब, पावरहाऊस वाढलंच पायजे."

मंडपात सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"कपाशीनं आमाले काय ठेवलं? पोट्टे सुरतेले जाऊन राह्यले. ज्याच्या घरचा एक मानूस पावरहाऊसवर हाये, त्याची चूल पेटते, बाकीच्याची धुपते. बंधारा बंधारा करतात. पोट्टेच गेले त त्या बंधाऱ्याचं पानी पेनार कोन? म्हातारे?" ते चांगलं पाव तास बोलले. आत जाऊन सगळं समजून घेतलं होतं, मुद्दे पक्के होते. शेवटी त्यांनी माईक जरा खाली घेतला आणि हौसेनं मंडपाकडे बघितलं. "हां. आता विरुद्ध कोन हाये, त्याईनं बोला."

कोणी उठलं नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. महिनाभर ज्या माणसाच्या ओसरीत झाडून सारं गाव पावरहाऊसच्या विरुद्ध बोललं, त्या माणसाला काय वाटणार? सारं गाव एका बाजूला आहे, ते बोलेलच; दुसरी बाजू रिकामी आहे, आपली जागा तिकडे. आणि गाव काय समजून बसलं होतं? काकाजी आहेत ना विरुद्ध बोलायला. दोघांनीही एकमेकांवर भरवसा ठेवला होता, आणि बंधारा चालला होता.

"म्हणजे हरकत कोणाचीच नाही, असं लिहायचं का?" साहेबांनी विचारलं.

"थांबा साहेब, बोलतीन," काकाजी म्हणाले. त्यांनी सरपंचांकडे पाहिलं. सरपंच आपल्या चपलेकडे बघत होते. रोज ओसरीत येणाऱ्या एकेकाकडे पाहिलं, आणि तो तो मान फिरवत गेला. "बोला ना बे!" ते ओरडले, पण आवाज चिरकला. त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी भीती कधी पाहिली नव्हती. ती तेव्हा पाहिली, आणि मी उभी राहिले.

सरकारी नोकरानं अशा सभेत बोलायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. पण त्या गावात एकदा मी कोपऱ्यात उभी होते आणि माझी बाजू रिकामी होती, हेही मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "माझी हरकत आहे. मी या गावची नाही, पण पाणी याच गावचं पिते. होळीनंतर सात-आठ महिन्यांच्या पोटुश्या बाया फाटकापलीकडून पाणी आणतात. त्यांचं रक्त मी तपासते, त्यांचं वजन मी करते. बंधारा उपसला तर त्या कुठवर चालणार? आणि वाफेचा आवाज होतो तेव्हा बाळंतिणीजवळ बसून बघा एकदा."

"खोटं!" काकाजी गरजले. त्यांचा आवाज परत आला होता, आणि तोंडावरचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता. "साहेब, या नोकरीवाल्या. उद्या बदली झाली की चालल्या जातीन. सिस्टरबाई, आमच्या पोट्ट्याईले पगार तुमी देसान का?"

"पगार खाऊन तहान भागते का काकाजी?" मीही चिडले.

"तहानेची काळजी तुमाले. अन् भुकेची?"

"पोट्टे पावरहाऊसमधून घरी येतील तेव्हा त्यांना तांब्याभर पाणी कोण देणार?"

त्यांनी मला सोडलं नाही. भीड राखून बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मी बाहेरची, मी हेकट, मला शेतीतलं कळत नाही, सगळं काढलं. आणि त्यानंच गाव जागं झालं. आपल्या सिस्टरला असं बोललेलं एका म्हातारीला सहन झालं नाही. ती उठून म्हणाली, "पोरगी खरं बोलून राह्यली. माह्या सुनेनं हंडा डोक्यावर घेऊन वाटंतच बसून घेतलं होतं." मग शेख चाचा उठले. त्यांची टपरी गेटसमोरची, पावरहाऊसवरच चालणारी. "मेरा धंदा पावरहाऊस से चलता है साब," ते म्हणाले, "लेकिन चाय को पानी लगता है." मंडप हसला, आणि हसता हसता धीट झाला. ज्यांचे अर्ज गेटवर होते तेही उठले. काकाजी एकेकाशी भांडत होते, मुद्दा खोडत होते, तो माणूस आणखी जोरात मुद्दा मांडत होता, आणि साहेबांचा लेखनिक घाम पुसत दोन्ही बाजू लिहून घेत होता.

पावरहाऊस वाढलं. ते थांबावं असं गावालाही पुरतं वाटत नव्हतं. पण होळीपासून पाऊस पडेपर्यंत बंधाऱ्याला हात लावायचा नाही, आणि वाफेच्या नळीला आवाज दाबणारं यंत्र बसवायचं, या दोन अटी घातल्या गेल्या. काही पोरं सुरतेहून परत आली. सगळी नाही.

सभेत बोलल्याबद्दल माझ्याकडे वरून खुलासा मागितला गेला तेव्हा काकाजी मला न सांगता एसटीनं तालुक्याला गेले. तिथल्या डॉक्टरसाहेबांपुढे उभे राहून म्हणाले, "ही बाई लय भांडखोर हाये साहेब. हिले चांगल्या गावी धाडू नका. आमच्याच गावात ठेवा. भोगू द्या." डॉक्टरसाहेबांनी मला ही गोष्ट हसत हसत सांगितली आणि माझा खुलासा मान्य केला.

नवा विभाग सुरू झाल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी वस्तीतून लसीकरण करून परत येत होते. संध्याकाळ होती. बंधाऱ्यात पाणी होतं, फार नाही, पण हिरवट, गार, काठाशी हलणारं. काकाजी पायरीवर बसून पाण्यात पाय सोडून होते. मी शेजारी बसले.

"तुमच्या अटीपायी पावरहाऊसले उन्हाळ्यात दुसरीकडून पानी आनावं लागते," ते म्हणाले. "नुकसान हाये. मी तेव्हाच सांगितलं होतं."

मीही चपला काढून पाण्यात पाय सोडले.

"मले वाटलं होतं, कोनीच उठत नाई." ते पाण्याकडे बघत होते. "साऱ्या जिंदगीत मी एवढा कधी भ्यालो नाई, पोरी. मी जिंकतो का काय, असं वाटलं."

मला त्यांनी त्याआधी कधी पोरी म्हटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी मान वळवली.

आता माझ्याही नोकरीला बरीच वर्षं झाली. खूप सभा पाहिल्या, त्यात बऱ्याच वेळा मुकाट्यानं मान हलवली, आणि दोनचार वेळा उठून उभी राहिले. त्या दोनचार वेळा मी माझ्या घरमालकांच्या जिवावर उभी राहिले. त्यांचे आभार मी कधी मानले नाहीत. मानले असते तर त्यांनी लगेच विरुद्ध बाजू घेतली असती, आणि त्यांच्याशी वाद घालून मी कधीच जिंकले नसते. आता ते नाहीत. खोडून काढायला कोणी नाही, म्हणून आज हे सरळ म्हणते: काकाजी, तुमचे फार उपकार आहेत.